पाणथळ कुरणात आणि रेन गार्डनमध्ये स्थानिक लव्हाळ्यांची लागवड

लव्हाळा ओळखायचा असेल तर डोळ्यांपेक्षा बोटांवर विसंबावे. फुलोरा आलेला एक दांडा बुंध्याजवळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच फिरवावा. गवताचा दांडा चिमटीत सहज फिरतो, त्याला मध्येमध्ये पेरे लागते आणि दाबल्यावर तो बहुधा आतून पोकळ असल्याचे कळते. लव्हाळ्याचा दांडा मात्र फिरताना तीनदा अडतो, कारण त्याला तीन कडा असतात. तो आतून भरीव असतो आणि फुलोऱ्यापर्यंत त्यावर पेरे जाणवत नाही. पानेही गवतासारखी दोन रांगांत न येता तीन रांगांत येतात, त्यामुळे रोपाकडे वरून पाहिले तर ते तीन दिशांना फाकलेले दिसते. लव्हाळ्यांच्या शेजारीच वाढणाऱ्या जंकस प्रजातीच्या वनस्पतींचा दांडा गोल आणि गुळगुळीत असतो. एलिओकॅरिससारख्या काही लव्हाळ्यांचे दांडेही गोल असतात, म्हणून ही कसोटी अखेरची मानू नये. पण समशीतोष्ण प्रदेशांत लागवडीसाठी ज्या प्रजातीचा सर्वांत जास्त उपयोग होतो, त्या कॅरेक्सच्या बाबतीत ती क्वचितच फसते. कॅरेक्सची आणखी एक पक्की खूण म्हणजे तिचा प्रत्येक दाणा स्वतंत्र, बंद पिशवीत असतो. काही जातींत ही पिशवी दाण्याला घट्ट चिकटलेली असते, तर काहींत फुग्यासारखी फुगलेली असते.

ज्या सायपरेसी कुळात लव्हाळे येतात, त्यात सुमारे ५,५०० जाती आहेत आणि त्यांतील २,००० च्या आसपास एकट्या कॅरेक्सच्या आहेत. शेतकऱ्यांच्या मनात लव्हाळा म्हटले की नागरमोथा उभा राहतो, आणि ती धास्ती रास्त आहे. सायपेरस रोटुंडस या नावाची ही जात जमिनीखाली गाठींची माळ तयार करते, खुरपणीत तुटलेली प्रत्येक गाठ नव्याने फुटते, आणि जगातील सर्वांत त्रासदायक तणांत तिची गणना होते. मात्र एका जातीचा दोष साऱ्या कुळाला लावणे बरोबर नाही. ज्या जातींविषयी हा लेख आहे, त्या ओल्या जमिनीला मुळांनी बांधून ठेवतात, वाहत्या पाण्यातला गाळ अडवतात आणि कीटकांपासून बदकांपर्यंत अनेकांना अन्न व आसरा देतात. पाणथळ कुरणे चर खणून कोरडी करणे फार सोपे असते; ती पुन्हा उभी करणे मात्र चिकाटीचे काम आहे, आणि त्या कामाचा पाया लव्हाळ्यांनीच घालावा लागतो.

आधी पाण्याचे वर्ष समजून घ्यावे

लव्हाळ्यांच्या लागवडीत खत, ऊन किंवा मातीचा पोत यांपेक्षा एक गोष्ट फार वरचढ ठरते, ती म्हणजे वर्षभरात पाण्याची पातळी कधी वर येते, किती दिवस तिथे राहते आणि किती खाली उतरते. कॅरेक्स लॅकुस्ट्रिस ही उत्तर अमेरिकेतील जात उथळ, साचलेल्या पाण्यात सुखाने वाढते. त्याच खंडातील कॅरेक्स पेन्सिल्व्हॅनिका झाडांखालच्या कोरड्या जमिनीवर पसरते आणि पाणी तुंबले की कुजते. दोन्ही लव्हाळेच आहेत. म्हणून ‘लव्हाळा म्हणजे पाण्यातली वनस्पती’ एवढ्या समजुतीवर रोपे आणून लावली, तर अपयश जवळपास ठरलेले असते.

पातळी मोजण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि सव्वा मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्यावा, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला बारीक छिद्रे पाडून त्यावर जाळीदार कापड गुंडाळावे आणि तो मीटरभर खोल भोकात उभा करावा. भोवती वाळू भरावी. मात्र वरच्या वीतभर भागात चिकणमाती ठोकून बसवावी, नाहीतर पृष्ठभागावरचे पाणी पाइपाच्या कडेने आत उतरून चुकीची पातळी दाखवते. वरच्या टोकाला झाकण लावावे. मग आठवड्यातून एकदा आत कोरडी काठी सोडून जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते पाहावे आणि तारखेसह वहीत टिपावे. पूर्ण वर्षाची नोंद मिळाली तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर निदान सर्वांत ओला आणि सर्वांत कोरडा, असे दोन्ही काळ नोंदीत आलेच पाहिजेत.

मातीही पाण्याचा इतिहास सांगते. फावड्याने ४० सेंटिमीटर खोलीपर्यंतचे ढेकूळ काढून मध्यभागी फोडावे. ओलसर राखाडी मातीत मुळांच्या जुन्या वाटांभोवती गंजासारखे तांबूस ठिपके आणि रेघा दिसल्या, तर ती जमीन दरवर्षी बराच काळ पाण्याने भरून राहते असे समजावे. हा रंग कसा येतो हे समजले की लव्हाळ्याचा स्वभावही समजतो. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू जवळपास नसतो आणि बहुतेक झाडांची मुळे तिथे गुदमरतात. पाणथळीतील लव्हाळ्यांच्या पानांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून पानाकडची हवा मुळापर्यंत उतरते आणि तिचा काही अंश मुळातून भोवतालच्या मातीत पाझरतो. तिथल्या विरघळलेल्या लोहाला हा प्राणवायू मिळाला की त्याचा गंज होतो आणि मुळावर नारिंगी लेप चढतो. चिखलातून उपटलेल्या निरोगी रोपाची कोवळी पांढरी मुळे आणि त्यांच्या मागचा हा नारिंगी थर एकदा हातात घेऊन पाहावा. पुढचा एक महत्त्वाचा नियम त्यातूनच कळतो. हवा पानातून येते, म्हणून पानाची टोके पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. नव्याने लावलेले रोप पूर्ण बुडाले, तर पाणथळीत वाढणारी जातही काही दिवसांत मरू शकते.

जात निवडताना

पाण्याची नोंद हातात आली की जाती निवडणे सोपे होते. वाढीच्या हंगामात बहुतेक काळ घोट्याएवढे पाणी साचत असेल, तर उत्तर अमेरिकेत कॅरेक्स लॅकुस्ट्रिस, युरोपात कॅरेक्स रिपॅरिया अशा जमिनीखालून धावणाऱ्या जाती योग्य ठरतात. हंगामाच्या सुरुवातीला पाणी पृष्ठभागाशी आणि नंतर वीत-दोन वीत खाली, असा क्रम असेल तर ते खरे पाणथळ कुरण होय, आणि ते बेटे करून वाढणाऱ्या जातींचे घर असते: उत्तर अमेरिकेत कॅरेक्स स्ट्रिक्टा, युरोपात कॅरेक्स पॅनिक्युलाटा, न्यूझीलंडमध्ये कॅरेक्स सेक्टा. या जाती स्वतःच्या मुळांचा आणि जुन्या पानांच्या बुडख्यांचा थर रचत वर उंचावतात. युरोपातील जातीची जुनी बेटे मीटरभराहूनही उंच होतात. अशा उंचवट्यांच्या उतारांवर कमी-जास्त ओलीच्या अनेक जागा तयार होतात आणि लहान फुलझाडे तिथे मुळे धरतात, त्यामुळे एका जातीच्या लागवडीतून पुढे अनेक जातींचे कुरण घडते. उष्ण प्रदेशांत हेच काम मुख्यतः सायपेरस, फिम्ब्रिस्टायलिस आणि एलिओकॅरिस यांच्या त्या त्या भागातील जाती करतात, आणि तिथे बाहेरच्या कॅरेक्सच्या मागे लागण्याचे काहीच कारण नाही.

स्थानिक हा शब्द इथे शोभेसाठी वापरलेला नाही. युरोपातील कॅरेक्स अक्युटिफॉर्मिस आपल्या मूळ भूमीत पाणथळीचा सन्माननीय रहिवासी आहे. उत्तर अमेरिकेत तीच जात ओली कुरणे व्यापून तिथल्या जातींना हुसकावते. पूर्व आशियातील किनाऱ्यावरची कॅरेक्स कोबोमुगी अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी लावली गेली आणि आता तिथे ती उपटून काढण्यासाठी श्रम खर्ची पडत आहेत. दुसऱ्या बाजूला, उत्तर अमेरिकेतील युफाइस प्रजातीच्या काही फुलपाखरांच्या अळ्या लव्हाळ्यांच्याच पानांवर वाढतात, आणि युरोपातील व्हर्टिगो मुलिन्सियाना ही जेमतेम अडीच मिलिमीटर उंचीची गोगलगाय उंच लव्हाळ्यांच्या पानांवर व दांड्यांवर राहते. असे संबंध फार जुने असतात आणि परदेशी शोभिवंत लव्हाळा आणून ते भरून निघत नाहीत. म्हणून शक्यतो आपल्याच खोऱ्यातील, आपल्यासारख्याच पाऊसमानातील बी किंवा रोपे मिळवावीत. रोपवाटिकेतून घेताना केवळ ‘लव्हाळा’ किंवा ‘कॅरेक्स’ एवढ्यावर समाधान मानू नये. पूर्ण शास्त्रीय नाव आणि बी कुठून गोळा केले आहे, या दोन्ही गोष्टी विचाराव्यात.

बी धरणे आणि रुजवणे

रानातून बी घ्यायचे असेल तर जागेच्या मालकाची किंवा संबंधित खात्याची परवानगी आधी घ्यावी. संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलू नये. जिथे जात विपुल आहे तिथेच थांबावे आणि दहातल्या एका कणसाहून जास्त घेऊ नये. एकाच बेटाचे सारे बी घेण्यापेक्षा पन्नास बेटांचे थोडे थोडे घेतलेले केव्हाही चांगले, कारण त्यामुळे पुढच्या पिढीत विविधता टिकते. समशीतोष्ण प्रदेशांतील कॅरेक्सच्या बऱ्याच जातींचे बी उन्हाळ्याच्या पूर्वार्धातच पिकते आणि पिकले की लवकर झडते, त्यामुळे शरद ऋतूत गोळा करू म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा रिकामे दांडे येतात. कणीस बोटांत धरून वरच्या दिशेने ओढावे. पिशव्या अलगद हातात आल्या तर बी तयार आहे, ओढूनही हलल्या नाहीत तर आठवडाभर थांबावे. चार-पाच दाणे नखाने किंवा ब्लेडने कापून पाहावेत: आत पांढरा, टणक गर असला पाहिजे. पाण्यात टाकून बुडते की तरंगते यावरून परीक्षा करण्याची सवय इथे उपयोगी नाही, कारण पिशवीतील हवेमुळे भरलेला दाणाही तरंगतो.

बी सावलीत आठवडाभर पसरून वाळवावे आणि शक्यतो त्याच वर्षी वापरावे. ओल्या जागी वाढणाऱ्या काही जातींचे बी कोरडे साठवले की त्याची उगवण वेगाने घटते; पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचेच असेल तर ते ओलसर वाळूत मिसळून थंडीत ठेवणे अधिक सुरक्षित असते. थंड प्रदेशांतील बहुतेक कॅरेक्सना तशीही ओल्या थंडीची गरज असते. धुतलेली बारीक वाळू हाताने पिळल्यावर थेंब पडणार नाही इतकीच ओली करावी, तिच्यात बी मिसळावे, पिशवीवर जातीचे नाव व तारीख लिहावी आणि ती १ ते ५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन ते तीन महिने ठेवावी. उष्ण प्रदेशांतील जातींना हा शीतसंस्कार सहसा लागत नाही.

पेरणीत एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी: बी झाकू नये. बहुतेक कॅरेक्सचे बी प्रकाश मिळाल्याशिवाय रुजत नाही. माझ्या पहिल्या पेरणीत मी नेहमीच्या बियांप्रमाणे ते बोटाच्या पेराएवढ्या मातीखाली गाडले, दोन महिने ट्रे ओले ठेवले आणि एकही कोंभ दिसला नाही. शेवटी ट्रे उघड्यावर ठेवून दिले. एका जोरदार सरीने एका ट्रेच्या कोपऱ्यातली माती वाहून नेली आणि दहा-बारा दिवसांनी नेमक्या त्याच कोपऱ्यात केसासारखे बारीक हिरवे कोंभ दाट उभे राहिले. बाकीचा ट्रे तसाच काळा राहिला. तेव्हापासून मी माती आधी फळीने सपाट दाबतो, वाळूसह बी वर विखुरतो, तळहाताने हलके थोपटतो आणि तिथेच थांबतो. ट्रे पाणी भरलेल्या उथळ परातीत ठेवला की ओल खालून चढते आणि झारीच्या धारेने बी वाहून जात नाही. दिवसा २५ ते ३० आणि रात्री १५ ते २० अंश असा तापमानातला चढउतार उगवणीला मदत करतो, म्हणून सतत एकाच तापमानाच्या खोलीपेक्षा उघडा मांडव बरा. पृष्ठभागावर शेवाळ धरू लागले तर परातीतले पाणी दिवसभर काढून ठेवावे.

कोंभाला तिसरे-चौथे पान आले की तो लहान कप्प्यांच्या ट्रेमध्ये हलवावा. दोन-तीन कोंभ एकत्र लावले तरी चालतात. आठ ते बारा आठवड्यांत मुळे कप्पा भरतात. रोप वर ओढल्यावर मातीचा गोळा न फुटता पूर्ण बाहेर आला, की ते लावणीला तयार झाले.

ठोंब विभागणे

थोड्याच रोपांची गरज असेल तर बियांच्या वाटेला जाण्याची आवश्यकता नाही. वाढीचा हंगाम सुरू होताना आपल्या बागेतील जुने बेट कुदळीने उचलावे, मुळे पाण्यात धुवावीत आणि धारदार सुरीने असे तुकडे करावेत की प्रत्येकात तीन ते पाच फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळे येतील. पाने वीतभर ठेवून छाटावीत, ठोंब ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत आणि त्याच दिवशी लावावेत. मुळे तासभर उन्हात सुकली तर हिरवी दिसणारी रोपेही पुढे धरत नाहीत. रानातील जुनी बेटे या कामासाठी कधीही उकरू नयेत. ती तयार व्हायला कित्येक वर्षे लागलेली असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या आधाराने जगणारे सारेच जाते.

कुरणात लावणी

कुरण कोरडे करण्यासाठी पूर्वी खणलेले चर किंवा गाडलेले निचऱ्याचे नळ असतील, तर आधी त्यांचा विचार करावा. ते चालू ठेवून वर लव्हाळे लावणे म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणे होय. चर बुजवल्यावर पाणी शेजारच्या जमिनीत चढणार नाही ना, याची खात्री करून आणि आवश्यक ती परवानगी घेऊनच हे काम हाती घ्यावे.

त्यानंतर जमिनीतले जुने तण. पाणथळीत पाणकणीस किंवा उत्तर अमेरिकेत रीड कॅनरी ग्रास माजले असेल, तर त्याचे मूळ कारण बहुधा वरच्या शेतांतून येणारे खत आणि गाळ हे असते. लव्हाळे कमी अन्नातही तग धरतात. खत भरपूर मिळाले की उंच, वेगाने वाढणारी गवते त्यांच्यावर सावली धरतात. म्हणून अशा जागी एक पूर्ण हंगाम केवळ तण काढण्यात घालवावा, येणारे पाणी आधी गवताच्या रुंद पट्ट्यातून किंवा गाळ बसवणाऱ्या खड्ड्यातून वळवावे, आणि कुरणात खत किंवा कंपोस्ट मुळीच टाकू नये. हा एक हंगाम वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण लव्हाळ्यांच्या दाटीत शिरलेले धावते गवत नंतर निवडून काढणे जवळपास अशक्य असते.

मोठ्या क्षेत्रावर बी विखुरता येते. थंड प्रदेशांत ते हिवाळ्यापूर्वी उघड्या, ओल्या मातीवर टाकले की शीतसंस्कार निसर्गच करतो. मात्र पूर येणाऱ्या जागी बी एका रात्रीत वाहून जाते, तिथे रोपेच लावावीत. दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवले तर चौरस मीटरला सुमारे ११ रोपे लागतात, ४५ सेंटिमीटर ठेवले तर ५. रोपे कमी असतील तर ती सगळीकडे विरळ लावू नयेत. काही ठिकाणी दाट पुंजके करावेत आणि मधली जागा पुढच्या वर्षांसाठी ठेवावी, कारण दाट पुंजका तणाला स्वतःच रोखतो. रोपाचा गोळा जमिनीच्या पातळीला बसवावा, फुटव्यांच्या बुडख्यावर माती चढवू नये आणि टाचेने भोवतीची माती घट्ट दाबावी. हलके दाबलेले रोप पहिल्याच पाण्यात बुचासारखे वर येऊन तरंगते. जिथे पाणी चढणार हे माहीत आहे, तिथे गोळ्यावर तारेचा आकडा ठोकावा किंवा काथ्याची जाळी अंथरून तिच्या फटींतून लावणी करावी. पाण्यावर नियंत्रण असेल तर पहिले काही आठवडे पातळी पृष्ठभागाच्या किंचित खाली राखावी आणि पाने वाढतील तशी चढवावी. हंस आणि बदके कोवळी रोपे ओढून काढतात, म्हणून मूळ धरेपर्यंत खुंट्या रोवून त्यांवर दोऱ्या ताणाव्यात.

रेन गार्डनमध्ये लावणी

रेन गार्डन म्हणजे छपरावरून किंवा फरसबंदीवरून वाहणारे पावसाचे पाणी थोडा वेळ साठवून जमिनीत मुरवणारा उथळ, लागवड केलेला खड्डा. ही पद्धत १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आकाराला आली आणि तिथून पसरली. नावात पाऊस असला तरी इथल्या रोपांची खरी परीक्षा कोरड्या दिवसांत होते. पाणी येते, वीतभर चढते, एक-दोन दिवसांत मुरते, आणि मग पुढच्या पावसापर्यंत तळ सुकत जातो. पाणथळीतल्या जाती इथे लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

जागा घराच्या पायापासून किमान ३ मीटर दूर असावी. तिथे वीतभर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, एकदा मुरू द्यावा आणि लगेच पुन्हा भरून किती तासांत रिकामा होतो ते पाहावे. दुसऱ्या खेपेला पाणी २४ तासांत गेले तर जागा चांगली आहे. ४८ तासांनंतरही पाणी उभे असेल तर तिथे रेन गार्डन करण्याऐवजी छोटी पाणथळच करावी. डासांची अंडी ते डास हा प्रवास साधारणपणे आठवड्याभराचा असतो, म्हणून दोन दिवसांत कोरडी होणारी बाग डास वाढवत नाही.

आकाराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि २५ मिलिमीटरची सर सामावून घ्यायची असेल, तर २,५०० लिटर येतील; १५ सेंटिमीटर खोलीच्या तळात त्यांना सुमारे १७ चौरस मीटर जागा लागेल. त्याहून मोठ्या पावसासाठी दगडांनी बांधलेला सांडवा हवाच, आणि पाणी ज्या तोंडातून आत येते तिथेही गोटे पसरावेत, नाहीतर पहिली धारच रोपे उखडून नेते. तळ अगदी सपाट असावा. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून पातळी जुळवून घ्यावी. दोन बोटांचा फरकही एका बाजूला डबके आणि दुसऱ्या बाजूला कोरडेपणा निर्माण करतो.

तळासाठी ओल आणि कोरड दोन्ही सोसणाऱ्या, बेट करून राहणाऱ्या जाती घ्याव्यात. उत्तर अमेरिकेत कॅरेक्स व्हल्पिनॉइडिया हे काम चोख करते. ऑस्ट्रेलियात पावसाचे वाहते पाणी गाळणाऱ्या वाफ्यांवर जे प्रयोग झाले, त्यांत कॅरेक्स अप्रेसा ही तिथली जात पाण्यातील नायट्रोजन धरून ठेवण्यात विशेष उजवी ठरली, आणि त्याचे श्रेय तिच्या दाट, बारीक मुळांच्या जाळ्याला दिले जाते. हीच मुळे मातीत सतत नवी छिद्रे पाडत राहतात, म्हणून लव्हाळ्यांनी भरलेला तळ उघड्या तळापेक्षा हळू बुजतो. युरोपात उतारांवर आणि काठावर कॅरेक्स फ्लॅका चालते, कारण ती कोरड्या चुनखडीच्या जमिनीतही राहते. कॅरेक्स रिपॅरिया किंवा लॅकुस्ट्रिससारख्या धावत्या जाती मोठ्या कुरणात शोभतात, लहान बागेत त्या दोन-तीन वर्षांत सारे व्यापून बसतात.

इथे अंतर २५ ते ३० सेंटिमीटरच ठेवावे. लाकडाच्या हलक्या ढलप्यांचे आच्छादन पाण्यावर तरंगून सांडव्यात अडकते, त्यामुळे रोपे जवळ लावून त्यांच्याच पानांनी जमीन झाकू देणे मला अधिक पटते. लावणीनंतरच्या पहिल्या हंगामात पाऊस ओढ देईल तेव्हा आठवड्यातून एकदा तरी खोल पाणी द्यावे. ‘पाण्याची झाडे’ समजून इथेच दुर्लक्ष होते.

पहिली तीन वर्षे

पहिल्या वर्षी वर फारसे काही दिसत नाही, कारण रोप मुळे करत असते. या काळात वार्षिक तण लव्हाळ्यांच्या डोक्यावर जाते. ते उपटताना रोपेही सैल होतात, म्हणून कुरणात तण गुडघ्याएवढे झाले की १५ ते २० सेंटिमीटर उंचीवर कापून टाकावे. कोवळे लव्हाळे पात्याखालून सुटतात. रेन गार्डनमध्ये खुरप्याने निंदणी करता येते, मात्र उपटण्यापूर्वी बुंधा बोटांत फिरवून पाहावा. नवख्या हातांनी तणासोबत लव्हाळेच उपटले जाताना मी अनेकदा पाहिले आहे. विकत आणलेल्या मातीतून नागरमोथा आला असेल तर तो मात्र गाठीसह, दिसताक्षणी काढावा.

दुसऱ्या वर्षी बेटे रुंदावतात आणि तिसऱ्या वर्षी बहुतेक जाती भरपूर फुलोरा धरतात. त्यानंतर वर्षातून एकदा, नवी पालवी फुटण्याच्या थोडे आधी, जुनी पाने १० ते १५ सेंटिमीटर ठेवून कापावीत आणि कापलेले गवत बाहेर न्यावे, म्हणजे जमिनीत अन्न साचत नाही. बारमाही हिरव्या राहणाऱ्या जाती इतक्या खाली कापू नयेत. त्यांतील वाळकी पाने हाताने विंचरून काढणे पुरते. संपूर्ण कुरण एकाच वर्षी कापू नये. एक तृतीयांश भाग आळीपाळीने तसाच ठेवला, तर पानांच्या बुडख्यांत दडलेले कीटक आणि त्यांची अंडी वाचतात. रेन गार्डनच्या तोंडाशी साचलेला गाळ दर हंगामात फावड्याने उचलावा, कारण तो बेटांवर चढला की फुटवे गुदमरतात.

काही रोपे तरीही मरतातच. तिथे लगेच तीच जात पुन्हा लावण्याची घाई करू नये. आधी पाइपाच्या नोंदींची वही उघडून त्या काळातील पातळी पाहावी आणि मेलेले रोप मुळासकट उकरावे. मुळे काळी, मऊ आणि कुजट वासाची निघाली तर ते बुडून गेले. ती तपकिरी, कडक आणि तुटणारी असतील तर ते कोरडेपणाने गेले. पहिल्या जागी अधिक पाणी सोसणारी जात लावावी, दुसऱ्या जागी काठावरची, आणि त्यासाठी लागणारे ठोंब एव्हाना आपल्याच कुरणातील तिसऱ्या वर्षाच्या बेटांतून मिळू लागलेले असतात.